पाच वाजताची दुसरी पार्टी

गल्लीतली माणसं त्यांना पाचवाले म्हणायची. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण! धंदा घरं विकून देण्याचा, चांगला तीस वर्षांचा. दुकान म्हणजे तरी काय, जिन्याखालची एक खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, रस्त्याकडे काच आणि काचेला आतून चिकटवलेले विकाऊ घरांचे कागद. पाठीमागच्या भिंतीवर लाकडी फळी, फळीला खिळे आणि एकेका खिळ्याला एकेका घराची किल्ली. घर विकलं की किल्ली उतरायची, तिच्या जागी दुसरी यायची. चांगल्या दिवसांत त्या फळीवर चाळीस-चाळीस किल्ल्या लोंबकळत असायच्या आणि पंखा लावला की सगळ्या मिळून किणकिणायच्या.

आता हे पाचवाले नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

गिऱ्हाईक घर बघायला यायचं. नवरा उगाच भिंतीवर टकटक करायचा, जणू भिंत त्याला आतून उत्तर देणार होती. बायको स्वयंपाकघरात उभी राहून मनातल्या मनात डबे लावायची. मग दोघं एकमेकांकडे बघायची आणि म्हणायची, "दोन दिवस विचार करून सांगतो." झालं! इथे पाचवाल्यांच्या अंगात यायचं. ते घड्याळाकडे बघायचे, कपाळाला बारीकशी आठी घालायचे आणि अगदी जिवावर आल्यासारखं म्हणायचे, "करा की विचार. माझी काही घाई नाही. फक्त पाच वाजता दुसरी पार्टी येतेय, एवढं कानावर घालून ठेवतो."

कसली पार्टी आणि कसलं काय! अशी कुणी पार्टी जन्माला आलेलीच नव्हती. पण पाचवाल्यांनी तिला तीस वर्षांत नाकडोळे दिले होते. एक बाई आहेत, एकट्या. घर न बघता घेते म्हणतात. पैसे एकरकमी, बँकेची भानगड नाही. हे ऐकलं की समोरच्या नवऱ्याचा चेहरा उतरायचा आणि साडेचारच्या आत टोकनचे पैसे टेबलावर पडायचे.

याला खोटं म्हणा, नाहीतर धंदा म्हणा. पाचवाल्यांचं स्वतःचं एक तत्त्वज्ञान होतं. ते म्हणायचे, "खरी पार्टी असली तर माणूस बोलून दाखवतो होय? खरी पार्टी झाकून ठेवतात. जिच्याबद्दल तोंडानं सांगितलं जातं ना, ती खोटीच समजायची."

घरी बायको त्यांची टर उडवायची. "अहो, तुमची ती पाचची बाई एक दिवस आपल्याच दारात येऊन उभी राहील बघा. मी आपला चहा टाकीन. तोंड कुठं लपवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा!"

आणि दोघंही हसायची.

गंमत अशी की हजारभर घरं विकणाऱ्या या माणसाला स्वतःचं घर नव्हतं. बावीस वर्षं ते दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. घर मावशींचं. नात्यातल्या नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मावशी म्हणायची. त्या दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहायच्या. मुलगा-सून कामावर गेली की घर खायला उठतं म्हणून दुपारी पाचवाल्यांच्या दुकानात येऊन बसायच्या, गिऱ्हाइकांची सोंगं बघायच्या आणि 'पाच वाजता' हे शब्द आले की पदराआड हसायच्या. त्यांनी पाचवाल्यांना शब्द दिला होता, "विकायची वेळ आली तर आधी तुला विचारीन रे. तुला नको असलं तरच दुसऱ्याला."

हा शब्द पाचवाल्यांना फार मोलाचा होता. त्याला कारण बायकोचे डोळे.

ती शिवणकाम करायची. सहा वर्षांपूर्वी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, मग सुईत दोरा ओवेना झाला. कडेचं दिसणं आधी गेलं, आता मधलंही विझत चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाचवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उपाय नाही. एकच करा, घर बदलू नका. घरातली खुर्चीसुद्धा हलवू नका. डोळे गेले तरी घर त्यांच्या हातापायांत राहील."

आणि ते राहिलं होतं. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं. दारापासून गॅलरीपर्यंत सात. जिन्याची पाचवी पायरी बोटभर उंच. गॅसच्या डाव्या हाताला चहाचा डबा, त्याच्या मागं साखर. ती घरात अशी वावरायची की नवख्या माणसाला कळायचंही नाही. बाहेर रस्त्यावर मात्र नवऱ्याचा हात सुटला की ती जागच्या जागी खिळायची, ओठ पांढरे पडायचे. एकदा तिच्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेले, तर पहिल्याच सकाळी ती न्हाणीघर शोधताना पडली आणि त्यानंतर तीन दिवस खुर्चीवरून उठलीच नाही. परत आल्यावर आपल्या दाराची कडी हाताला लागली तशी घळाघळा रडली. पाचवाल्यांनी त्या दिवशी मनाशी गाठ मारली. काय वाटेल ते होवो, हे घर आपल्या नावावर करायचं.

मग केलं का नाही? अहो, तेच तर!

गेल्या दोन वर्षांत बाजाराची चालच बदलली होती. बँकांनी व्याज वाढवलं, तसे पगारदार लोक हबकले. चार खोल्यांची मोठी घरं महिनोन्महिने पडून. विकणारे जुन्या भावाला चिकटून बसलेले, घेणारे भाव कधी उतरतो याची वाट बघत बसलेले, आणि मधे पाचवाले माश्या मारत बसलेले. पण दोन खोल्यांच्या लहान घरांचं निराळंच काहीतरी चाललं होतं. ती कागद काचेला चिकटायच्या आत जायला लागली.

सुरुवात झाली निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरापासून. ते बघायला शाळेतली एक शिक्षिका आणि तिचा बस चालवणारा नवरा आले होते. शिक्षिकेला सातवा महिना. तिनं खिडकीत उभं राहून पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथं पाळणा बसेल." पण बँकेचं पत्र यायचं होतं. "दोन दिवस द्या, काका." काकांनी सवयीनं आठी घातली, सवयीनं पाच वाजवले. ती दोघं ओशाळं हसून निघून गेली.

आणि पाच वाजता फोन वाजला.

पाच म्हणजे पाचच. पाचवाल्यांनी ते घड्याळ नंतर कितीतरी वेळा आठवून बघितलं. पलीकडे बाईचा आवाज. तरुण नाही, म्हातारा नाही, फार सभ्य.

"पोस्टमास्तरांचं घर आहे ना तुमच्याकडे? आम्ही घेतो."

"या की. बघायला कधी येताय?"

"बघायची गरज नाही."

"आणि बँकेचं वगैरे..."

"एकरकमी."

पाचवाल्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग वाटलं, अरे, काटा कसला येतोय, नशीब उघडलं की आपलं! चार दिवसांत व्यवहार उरकला. बाई कुठल्याशा कंपनीच्या होत्या, कागदांवर सह्या करायला वकील आला. पाचवाले किल्ली द्यायला गेले, तर वकील म्हणाला, "राहू द्या, आम्हाला किल्ली लागत नाही." दाराच्या कडीला त्यानं एक राखाडी डबी लावली, साबणाच्या वडीएवढी, वर आकडे, म्हणजे आकड्यांचं कुलूपच. बस्स. त्या दारात पुन्हा माणूस म्हणून दिसला नाही. पोस्टमास्तरांच्या खिडकीत संध्याकाळी दिवा लागायचा, ती खिडकी काळी राहिली ती राहिलीच.

मग दुसरं घर. मग पाचवं. मग नववं, आणि पुढं मोजदादच राहिली नाही. दर वेळी फोन पाचच्या सुमारास, दर वेळी तोच आवाज, आणि दर वेळी एक राखाडी डबी. शिक्षिकेच्या हातून तीन घरं गेली. तिसऱ्या वेळी ती कडेवर बाळ घेऊन आली होती. दुकानाच्या दारातूनच म्हणाली, "तुमच्या त्या बाईंना एवढी घरं लागतात तरी कशाला हो?"  बँकेतला ओळखीचा कारकून म्हणाला, नुसती धरून ठेवतात, गल्ली हातात आली की मग भाव ते सांगतील तो. कोपऱ्यावरचा दुकानदार कुरकुरायला लागला की दुधाच्या पिशव्या उरतात. संध्याकाळी पाचवाले घरी निघाले की उजेड असलेल्या खिडक्या मोजायचे. आधी मोजून दमायचे. आता हाताच्या बोटांवर भागायचं. फळीवरचे खिळे मोकळे पडत चालले होते आणि पंखा लावला तरी फारसं काही वाजत नव्हतं.

भीती वाटत नव्हती असं नाही. पण दलाली मिळत होती, आणि माणूस पैशापुढं आपली भीती खिशात घालतो. बाईंनी एकदा फार गोड आवाजात विचारलं, "गल्लीतल्या घरमालकांची यादी द्याल का? वयस्कर, एकटे असे. फोन नंबर असले तर बरं." पाचवाल्यांनी सुवाच्य अक्षरात यादी करून दिली. मावशींचंही नाव लिहिलं, आणि त्यापुढं 'भाडेकरू आहे' असं ठळक लिहून ठेवलं. या कंपनीला रिकामी घरं लागतात, मग आपल्याला कसली धास्ती? उलट यादी कशी पुरी दिसली! अशी ही हुशारी.

मावशींचा मुलगा बदली होऊन दूर निघाला, मावशींना घेऊन. नव्या गावी घर घ्यायचं तर इथलं विकणं भाग होतं. मावशी सोमवारी दुपारी दुकानात आल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "शब्द दिला होता तुला. मुलानं हा आकडा सांगितलाय. तू घे बाबा, म्हणजे मी सुटले."

आकडा वाजवी होता. बँकेनं पाचवाल्यांना कर्ज देऊ म्हणून सांगितलंही होतं. तिथल्या तिथं उठून मावशींच्या पाया पडावं आणि हो म्हणावं, इतकं सोपं होतं ते. पण तीस वर्षांची जीभ! आकडा ऐकला की ती आपोआप वळवळायची. आणि त्यांचा अंदाज होता की पावसाळा उलटला की व्याज आणखी चढेल, भाव बसेल, मावशी दहा टक्के तरी खाली येतील.

"मावशी, बाजार पडतोय हो," ते म्हणाले. "जरा थांबू. मी कुठं पळून जातोय?"

 मावशी जरा कसंनुसं होऊन म्हणाल्या, "थांबले असते रे. पण मुलाच्या मागं घाई आहे. आणि त्या एका बाईंचा फोन येतोय. घर न बघता घेते म्हणतात. पैसे एकदम देणार म्हणे. शुक्रवारी पाचला सांगायचंय त्यांना."

आता बघा हं. जगातल्या कुठल्याही माणसाला हे ऐकून घाम फुटला असता. पाचवाल्यांना हसू फुटलं. वा, मावशी! वर्षानुवर्षं आमच्या खुर्चीत बसून आमचंच सोंग शिकलात होय! एक बाई काय, न बघता काय, पाच वाजता काय! एक शब्द इकडचा तिकडे नाही. इतक्या वेळा ज्या बाईचा आवाज ऐकला होता, ती त्यांच्या मनातच आली नाही. मनात आलं ते स्वतःचं तत्त्वज्ञान. खरी पार्टी असती तर म्हातारीनं बोलून दाखवली असती का?

ते खुर्चीत मागं रेलले आणि त्यांनी डोळा मिचकावला. "अशी पार्टी असेल तर खुशाल द्या, मावशी! माझी अजिबात हरकत नाही."

मावशींनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं. "खरंच म्हणतोस?"

"अगदी मनापासून."

मावशी उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तिला विचारलंस का? तुझ्या बायकोला?" पाचवाले हसत म्हणाले, "तिला काय विचारायचं, ती हो म्हणते सगळ्याला." मावशी हळूहळू चालत गेल्या. त्या दिवशी त्या पदराआड हसल्या नव्हत्या, हे पाचवाल्यांच्या लक्षात आलं ते फार उशिरा.

शुक्रवार गेला. शनिवार, रविवारही गेला. मंगळवारी पाचवाल्यांनी विचार केला, म्हातारीला फार ताणू नये. पाच टक्के कमी करून आकडा कागदावर लिहिला, खिशात घातला आणि मावशींकडे गेले. खोलीत पेट्या बांधलेल्या. मावशी जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होत्या.

"मावशी, चला, लांबण नको. सही करून टाकू."

मावशींचे हात थांबले. "कसली सही? शुक्रवारीच झाली ना. तूच म्हणालास खुशाल द्या म्हणून. दोनदा विचारलं मी तुला."

पाचवाल्यांचा खिशातल्या कागदाकडे गेलेला हात तिथंच राहिला.  "मावशी, मला वाटलं तुम्ही... तुम्ही गंमत करताय. माझ्यासारखी."

"अरे, घराच्या बाबतीत गंमत कोण करतं?" मावशी रडकुंडीला आल्या. "मी तुझ्यासाठी त्यांना चार दिवस थांबवलं होतं रे! मला वाटलं, तुला दुसरं चांगलं मिळालं असेल. तुझा धंदाच तो."

पाचवाल्यांनी तिथूनच त्या कंपनीच्या बाईंना फोन लावला. आवाज तोच, सभ्य.

"आम्हाला ठाऊक आहे तुम्ही तिथं राहता. तुमच्याच यादीत होतं."

"भाडं वाढवून देतो. तुम्ही म्हणाल तेवढं. माझ्या बायकोला दिसत नाही हो, ती या घराबाहेर..."

"आम्ही भाडेकरू ठेवत नाही. महिनाअखेर घर रिकामं लागेल. त्याआधी एकदा माप घ्यायला येऊ."

"कधी?"

"गुरुवारी," बाई म्हणाल्या, "संध्याकाळी पाचला."

मंगळवारी त्यांनी बायकोला सांगितलं नाही. बुधवारी सांगायचं ठरवलं, तर ती नव्या उशांना खोळी घालत बसली होती, टाके बोटांनी चाचपत. म्हणाली, "घर आपलं झालं ना, की गॅलरीच्या दाराला एक घंटी लावू या. वाऱ्यानं वाजली की मला कळेल दार उघडं आहे." पाचवाले 'हूं' म्हणाले. त्यांचे गावातल्या सगळ्या दलालांना फोन करून झाले होते. दोन खोल्यांचं घर कुणाकडेही नव्हतं. एक जण तर म्हणाला, "आहे एक, पण घाई करा. पाच वाजता दुसरी पार्टी येतेय." हे खरं की खोटं, ते त्यांना ओळखता येईना. तीस वर्षं लोकांना हेच वाटत आलं असणार, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि स्वतःची किळस आली.

गुरुवारी ते लवकर घरी आले. बायको पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. पाच वाजले आणि दारावर टकटक झाली.

बाई एकट्याच होत्या. साध्या कपड्यातल्या, चाळिशीच्या, रस्त्यात दिसल्या तर लक्षातही राहू नयेत अशा. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मान लववली आणि पिशवीतून मुठीएवढं एक यंत्र काढलं. बटण दाबलं तसा भिंतीवर एक लाल ठिपका उमटला. बाई काही न बोलता तो ठिपका एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेऊ लागल्या. ठिपका कपाटावरून गेला, खिडकीवरून गेला, पलंगाशी आला आणि बायकोच्या खांद्यावरून, गालावरून सरकत पुढं गेला. तिची पापणीही लवली नाही. पिशवीच्या तोंडातून राखाडी डबीचा कोपरा दिसत होता.

बायकोनं मात्र मान वर केली. पावलं तिनं ऐकली होती. "अहो, कोण आलंय?"

पाचवाल्यांनी तोंड उघडलं. एवढी वर्षं जिभेवर खोटं नाचवलं, आज एकही हाताशी येईना. नळवाला म्हणावं, वीजवाला म्हणावं, काही म्हणावं. पण भिंतीला टेकून, घोगऱ्या आवाजात, त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं.

"दुसरी पार्टी."

ती खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती! हातातला कपडा बाजूला ठेवून ती उठली, पदर खोचला आणि अकरा पावलं चालत, कुठंही हात न लावता, बाईंच्या शेजारून स्वयंपाकघरात गेली. चहाचा डबा काढला, त्याच्या मागून साखर काढली.

"बसा हं, बाई," ती आतून म्हणाली. "अहो, विचारा ना त्यांना, साखर किती घेतात?"